आणखी एक अभ्यास

जून २०११ मध्ये जिनिव्हातल्या एका बैठकीत भारताच्या प्रतिनिधींनी जाहीर केलं, की पांढरं ॲस्बेस्टॉस धोकादायक रसायनांच्या यादीत घालायला आमची हरकत नाही. टाळ्या पडल्या. २००६ आणि २००८ च्या बैठकांत हीच गोष्ट अडवून धरणाऱ्या देशांत भारत होता, तेव्हा त्या टाळ्यांत थोडं आश्चर्यही असणार. बाकीच्या विरोधकांचा सूरही मवाळ होऊ लागला होता. तेवढ्यात कॅनडा उठला आणि आमची संमती नाही म्हणाला. एकमत झाल्याशिवाय तिथे काहीच होत नाही, त्यामुळे विषय तिथेच संपला. दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, तोच प्रस्ताव पुन्हा आला. या वेळी कॅनडा गप्प बसला आणि भारत म्हणाला, आमची संमती नाही.

मधल्या काळात ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी असल्याचा काही शोध लागला होता म्हणावं, तर तसंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच नवा ग्रंथ काढून सांगितलं होतं, की ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढऱ्यासकट, माणसाला कॅन्सर करतात. फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा, बीजांडकोशाचा, आणि फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा. मेसोथेलिओमा तर इतर कारणांनी फारच क्वचित होतो. पुरावा एका बाजूला साचत गेला आणि आपला देश दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

ज्या यादीवरून हे सगळं चाललंय, तिच्यात नाव आलं म्हणून कशावर बंदी येत नाही. १९९८ चा रॉटरडॅम करार एवढंच म्हणतो, की यादीतलं रसायन परदेशी पाठवायचं असेल तर घेणाऱ्या देशाला त्याचे धोके आधी कळवा आणि त्याची संमती घ्या. संमती देऊन माल खुशाल मागवता येतो. ॲस्बेस्टॉसचे सहा प्रकार आहेत. निळं, तपकिरी आणि आणखी तीन असे पाच प्रकार या यादीत आहेत. सहावं पांढरं, म्हणजे क्रिसोटाइल, बाहेर आहे. आणि आज जगात खणलं आणि विकलं जाणारं जवळपास सगळं ॲस्बेस्टॉस पांढरंच आहे. ज्यांचा बाजार उठला ते यादीत, ज्याचा चालू आहे ते बाहेर. भारतात दर वर्षी तीन लाख टनांहून जास्त ॲस्बेस्टॉस येतं, मुख्यतः रशिया, कझाकस्तान आणि ब्राझीलमधून. त्यातलं बहुतेक सगळं आपल्या डोक्यावर चढतं.

म्हणजे सिमेंटच्या पत्र्यात जातं. दुकानात कुणी 'ॲस्बेस्टॉस द्या' म्हणत नाही. सिमेंटचा पत्रा म्हणतात, नाहीतर थेट कंपनीचं नाव घेतात. पुण्याबाहेरच्या एका पत्रेवाल्याकडे मी हा लेख डोक्यात ठेवूनच गेले होते. दुकानाच्या बाजूला पत्र्यांची थप्पी, तिच्यावर ताडपत्री. एका गिऱ्हाइकाला गोठ्यासाठी दीड फूट आखूड पत्रे हवे होते. पोऱ्यानं खडूनं रेघ मारली, ग्राइंडरला चकती लावली आणि पत्रा कापायला घेतला. करड्या-पांढऱ्या धुराळ्यात त्याचे हात कोपरापर्यंत दिसेनासे झाले. तोंडाला रुमाल होता, तोही गळ्यात घसरलेला. शेजारच्या टपरीवर चहा उकळत होता. मी मालकांना विचारलं, ही धूळ चांगली नसते ना? "ताई, सिमेंटच आहे ते. याला पंचवीस वर्षं बघायला नको," मालक म्हणाले. त्यांनी पत्र्याचं आयुष्य सांगितलं होतं.

सिमेंट आहे हे खरंच. पत्र्यात ॲस्बेस्टॉसचं प्रमाण साधारण आठ ते दहा टक्के असतं, बाकी सिमेंट आणि औष्णिक वीजकेंद्रातली राख. ही युक्ती लुडविग हाचेक नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थानं विसाव्या शतकाच्या तोंडावर काढली: कागदाच्या लगद्यासारखा सिमेंट-तंतूंचा लगदा करायचा, त्याचे पातळ थर एकावर एक चढवायचे आणि ओले असतानाच नागमोडी वळवायचे. तंतूमुळे पत्र्याला ताण सोसतो, गंज नाही, आग नाही. उद्योगाचा सगळा युक्तिवाद या सिमेंटवर उभा आहे. तंतू सिमेंटमध्ये कैद आहेत, मग धोका कसला? पत्रा कारखान्यातून निघून छपरावर अखंड पोचला, तिथे कुणी भोक पाडलं नाही, तो वादळात फुटला नाही, ऊनपावसानं झिजला नाही आणि शेवटी पाडकामात हातोड्याखाली आला नाही, तर हा युक्तिवाद ठीक आहे. भारतीय मानक ब्यूरोची या कामासाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती त्या पोऱ्यापर्यंत पोचली असतील असं त्याच्या रुमालाकडे बघून वाटलं नाही.

ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं माणूस मरतो हे किती जुनं ज्ञान आहे, हे कळल्यावर मला या विषयाचा खरा राग आला. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात नेली केरशॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसचा धागा कातायची. १९२४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती वारली. डॉ. कुक यांनी तिच्या फुप्फुसातले खनिजाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले. कंपनीनं तिच्या आजाराची जबाबदारी नाकारली आणि अंत्यविधीच्या खर्चालाही पैसे दिले नाहीत. १९३० मध्ये सरकारी अहवाल आला, १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये नियम झाले. म्हणजे धुळीमुळे फुप्फुसं कडक होतात हे जवळपास शंभर वर्षांपूर्वी सरकारदरबारी नोंदलेलं होतं. पण ते नियम ठरवताना कारखानदार टेबलाच्या पलीकडे बसून वाटाघाटी करत होते. नियम कुठल्या खात्यांना लागू आणि कुठल्यांना नाहीत, हे त्या टेबलावर ठरलं.

अमेरिकेतली गोष्ट आणखी उघडीवाघडी आहे, कारण तिथली पत्रं पुढे कोर्टात बाहेर आली. १९३५ मध्ये या धंद्याच्या एका व्यापारी मासिकाच्या संपादकांनी विचारलं, की ॲस्बेस्टॉसच्या आजाराबद्दल आता काही छापावं का? रेबेस्टॉस-मॅनहॅटन कंपनीचे अध्यक्ष समनर सिम्पसन यांनी जॉन्स-मॅनव्हिल या दुसऱ्या बड्या कंपनीच्या वकिलांना लिहिलं, की याविषयी जितकं कमी बोललं जाईल तितकं आपल्या भल्याचं. पुढच्याच वर्षी याच कंपन्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक प्रयोगशाळेला संशोधनासाठी पैसे दिले. अट अशी, की निष्कर्ष कंपन्यांच्या मालकीचे राहतील आणि त्यांच्या परवानगीशिवाय छापले जाणार नाहीत. तिथल्या डॉ. लिरॉय गार्डनर यांना १९४३ मध्ये अकरापैकी नऊ उंदरांच्या फुप्फुसात गाठी आढळल्या. ते १९४६ मध्ये गेले. १९५१ मध्ये त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यातून कॅन्सरचा भाग काढलेला होता. सिम्पसन यांची पत्रं उजेडात यायला १९७७ साल उजाडलं. तोवर दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीच्या गोद्यांत ॲस्बेस्टॉस हाताळलेली पिढी कॅन्सर वॉर्डात पोचली होती.

रॉचडेलला परत जाऊ, कारण तिथे आणखी एक प्रसंग घडला आणि त्या गावाचा आपल्याशी संबंध आहे. १९५० च्या दशकात टर्नरनं आपल्या कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास करायला रिचर्ड डॉल यांना बोलावलं. सिगारेट आणि कॅन्सरचं नातं सिद्ध करणारे हेच ते डॉल. वीस वर्षांहून जास्त काळ जुन्या परिस्थितीत काम केलेल्या माणसांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका दहापट निघाला. संचालकांनी निबंध छापू नये म्हणून जोर लावला. डॉल यांनी १९५५ मध्ये तो छापलाच, पण कंपनीच्या डॉक्टरांचं नाव त्यावर आलं नाही. आणि १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये हवेत किती तंतू चालतील याचं प्रमाण ठरलं, तेव्हा त्यासाठीची आकडेवारी आली होती ती याच कारखान्यातून. नंतर त्याच कामगारांना पुन्हा तपासलं तर आजारी माणसं कितीतरी जास्त भरली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं आपल्याकडे म्हणतात. इथे तर जामदारखान्यात किती शिल्लक आहे हे मोजायचं कामही त्याच्याकडेच होतं.

याच टर्नर समूहाचे कारखाने मुंबईत मुलुंडला आणि घाटकोपरला होते. मुलुंडला पत्रे, घाटकोपरला ब्रेकचे लायनर आणि ॲस्बेस्टॉसचं कापड. लालबाग-परळच्या गिरण्यांवर मराठीत कादंबऱ्या, नाटकं, सिनेमे झाले; मध्य रेल्वेच्या या उपनगरांतल्या ॲस्बेस्टॉस कामगारांवर जवळजवळ काहीच नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेली ही माणसं खात्यात कापसासारखा तंतू पिंजत होती आणि संध्याकाळी तेच कपडे घालून घरी जात होती. मोरीत ते कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणं जगभर आहेत.

साठच्या दशकात हे झाकून ठेवणं अशक्य झालं. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅगनर यांनी निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातल्या मेसोथेलिओमाच्या ३३ रुग्णांची नोंद छापली. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या आयर्विंग सेलिकॉफ यांनी इमारतींना ॲस्बेस्टॉसचं आवरण घालणाऱ्या कामगारांचे मृत्यू मोजून दाखवले. मग उद्योगानं पवित्रा बदलला. आजार होतच नाही असं म्हणणं सोडलं. होतो, पण निळ्यानं होतो. पांढरं तसं नाही. होतो, पण जुन्या काळच्या धुळीनं होत होता. आता 'नियंत्रित वापर' असतो. आणि पांढऱ्याबद्दल अजून शंका आहेत, आणखी एक अभ्यास हवा.

या अखेरच्या वाक्याला मी मानते. त्यात खोटं असं काही नाही, कारण अभ्यास नेहमीच आणखी एक हवा असतो. कुठल्याही सभ्य शास्त्रज्ञाला ते नाकारता येत नाही. मंत्र्यालाही ते सोयीचं पडतं: हो म्हटलं तर कारखानदार रुसतात, नाही म्हटलं तर वर्तमानपत्रं झोडपतात, अभ्यास चालू आहे म्हटलं की कुणी काही म्हणत नाही. घोंगडं भिजत ठेवायला याहून चांगलं पाणी नाही.

कॅनडानं या वाक्याची संस्थाच काढली. क्युबेक प्रांतात ॲस्बेस्टॉस नावाचं गावच होतं आणि तिथे जेफ्री नावाची प्रचंड खाण. १९८४ मध्ये सरकारी पैशाच्या आधारानं ॲस्बेस्टॉस इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढे तिनं नाव बदलून क्रिसोटाइल इन्स्टिट्यूट केलं, कारण तोवर पहिल्या शब्दाची नाचक्की झाली होती. काम एकच, पांढरं ॲस्बेस्टॉस सुरक्षित वापरता येतं हे जगाला, मुख्यतः गरीब देशांना पटवायचं. फ्रान्सनं १९९७ मध्ये बंदी घातली तेव्हा कॅनडा जागतिक व्यापार संघटनेत भांडायला गेला आणि २००१ मध्ये अपिलातही हरला. स्वतःच्या देशात वापर जवळपास थांबला होता, इमारतींतून ॲस्बेस्टॉस खरवडून काढायचं काम चालू होतं, आणि जहाजं भारताकडे निघत होती. शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं बीबीसीच्या साथीनं २०१० मध्ये हिशेब मांडला, की १९८० च्या दशकाच्या मध्यापासून या प्रचारावर जगभरात सरकारी आणि खासगी मिळून सुमारे दहा कोटी डॉलर खर्च झाले होते.

२०१३ मध्ये कॅनडा गप्प का बसला, याचं उत्तर प्रयोगशाळेत सापडत नाही. जेफ्री खाण पुन्हा सुरू करण्यासाठी क्युबेक सरकारनं २०१२ च्या जूनमध्ये ५ कोटी ८० लाख डॉलरचं कर्ज कबूल केलं होतं. खाण घेऊ पाहणारा मॉन्ट्रियलचा उद्योजक भारतीय वंशाचा होता आणि गिऱ्हाइकं आशियातली. सप्टेंबरात निवडणूक होऊन सरकार बदललं, कर्ज रद्द झालं. लगेच कॅनडाच्या केंद्र सरकारनंही जाहीर केलं, की आता आम्ही यादीला विरोध करणार नाही. खाण बंद पडली आणि शास्त्र पटलं. २०१८ मध्ये कॅनडानं पूर्ण बंदी घातली. २०२० मध्ये गावानं मतदान करून आपलं नावही बदललं.

अमेरिकेत कारखानदारांनी कोर्टाची वाट धरली. तिथल्या पर्यावरण संस्थेनं दहा वर्षं खपून, हजारो पानं जमवून १९८९ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या बहुतेक उत्पादनांवर बंदी आणली. कंपन्या अपिलात गेल्या आणि १९९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या न्यायालयानं बंदी जवळजवळ सगळी उडवली. ॲस्बेस्टॉस निर्दोष आहे असं न्यायाधीश म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की बंदीपेक्षा उद्योगाला कमी जाचक असे सगळे उपाय संस्थेनं आधी पुरेसे तपासले नाहीत. ज्या विषावर एवढा पुरावा आहे ते बंद करता आलं नाही, तर बाकीच्यांचं काय, या धसक्यानं त्या कायद्याखाली पुढे कित्येक वर्षं दुसरं काही बंद करायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. कायदा २०१६ मध्ये सुधारला, आणि पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदीचा नियम आला मार्च २०२४ मध्ये. मधे ३३ वर्षं गेली.

आता आपल्याकडे. जिनिव्हातल्या त्या खुर्चीत भारताच्या वतीनं कोण बसतं, हे पाहिलं की बरंच कळतं. औद्योगिक रसायनांच्या बाबतीत या करारासाठी आपला अधिकृत विभाग आहे केंद्रीय रसायन आणि खत मंत्रालयाचा. ज्या मंत्रालयाचं काम रसायन उद्योग वाढवणं, त्याच मंत्रालयानं रसायन धोक्याचं आहे का ते सांगायचं. पर्यावरण मंत्रालयाच्या आरोग्यविषयक दृष्टिपत्रात ॲस्बेस्टॉसचा वापर टप्प्याटप्प्यानं बंद करावा असं लिहिलेलं आहे. कामगार मंत्रालयानं २०११ मध्ये एका परिसंवादासाठीच्या टिपणात म्हटलं होतं, की सरकार पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदीचा विचार करत आहे. म्हणजे एक खातं म्हणतं बंद करू, दुसरं म्हणतं विचार चालू आहे, आणि जगासमोर बोलतं ते तिसरंच.

२००८ च्या बैठकीत भारतानं सांगितलं होतं, की आमचा स्वतःचा अभ्यास चालू आहे, तो होऊ द्या. अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेकडे होता. संस्था नावाजलेली आहे. एखाद्या कामगाराला ॲस्बेस्टॉसचा आजार आहे की नाही याचं प्रमाणपत्र तिनंच द्यावं, एवढा विश्वास सर्वोच्च न्यायालयानं तिच्यावर टाकला होता. पण या अभ्यासाच्या खर्चातला वाटा ॲस्बेस्टॉस उद्योगानं उचलला होता आणि काम कसं चाललंय याचा आढावा घेणाऱ्या बैठकांना उद्योगाची माणसं हजर असत. संस्थेतल्या कुणी बेइमानी केली असं मला म्हणायचं नाही, त्याची गरजही नाही. कोणते कारखाने तपासायचे, कोणत्या दिवशी जायचं, आज कामावर असलेल्या धडधाकट माणसांची छाती तपासायची की आजारी पडून गावी गेलेल्यांची, एवढं ठरलं की निष्कर्षाला हात लावावा लागत नाही.

मुंबईत याच्या उलट घडलं. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी शहरातल्या एका ॲस्बेस्टॉस कंपोझिट गिरणीतल्या १८१ कामगारांची तपासणी केली आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. २२ टक्के लोकांना ॲस्बेस्टॉसिस होता. ही तपासणी करायला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. क्ष-किरण फोटो, श्वासाची क्षमता मोजायची फुंकणी, आणि स्टेथोस्कोप पाठीच्या तळाशी टेकवून ऐकायचा धीर. फुप्फुस तंतूंनी घट्ट झालेलं असलं की श्वास आत जाताना बारीक चरचर ऐकू येते. मुख्य म्हणजे कामगाराला विचारावं लागतं, की तुम्ही काय काम करत होतात, आणि त्याआधी काय करत होतात?

हा प्रश्न आपल्या दवाखान्यांत विचारला जात नाही. केसपेपरवर तंबाखूचा रकाना असतो, विडी किती, मिश्री लावता का, हे विचारतात, आणि ते योग्यच आहे. पण चाळीस वर्षांपूर्वीची नोकरी कुणी लिहून घेत नाही. मेसोथेलिओमा तर तंतू आत गेल्यावर वीस, तीस, चाळीस वर्षांनी उगवतो. तोवर कारखान्याच्या जागी टॉवर उभा राहतो आणि माणूस गावाकडे टीबीची औषधं घेत असतो. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीनं १९६३ मध्ये देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू केली, तिचा आपल्याला अभिमान आहे. पण निदानच झालं नाही तर नोंद कशाची करणार? मग उद्योगाचे प्रवक्ते विचारतात, की भारतात एवढं ॲस्बेस्टॉस वापरतात तर रुग्ण कुठे आहेत? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की कामाच्या जागी ॲस्बेस्टॉसशी संबंध आल्यानं जगात वर्षाला दोन लाखांहून जास्त माणसं मरतात. त्यांत आपली किती, हे सांगायला आपल्याकडे धड आकडा नाही, आणि तो नसणं हीच उद्योगाची सगळ्यांत मोठी कमाई आहे. लाच, दबाव, फोन यांच्या गोष्टी रंगवून सांगता येतात. न मोजलेल्या रुग्णाची गोष्ट सांगता येत नाही.

न्यायालयांचा अनुभव संमिश्र आहे. १९९५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं कामगाराच्या आरोग्याला जगण्याच्या हक्कात बसवलं आणि ॲस्बेस्टॉसिस झालेल्याला एक लाख रुपये भरपाई ठरवली. २०११ मध्ये बंदीची मागणी करणारी दुसरी याचिका आली, तेव्हा न्यायालयानं ती फेटाळताना म्हटलं, की याचिका प्रामाणिक नाही, प्रतिस्पर्धी उद्योगाच्या सांगण्यावरून केलेली आहे. बंदी मागणाऱ्यांमागेही एखादी कंपनी असू शकते, हे लक्षात ठेवायला हवं. लोखंडी नळ विकणाऱ्याला ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा नळ नकोच असतो. मात्र प्रतिस्पर्ध्याचा हेतू स्वार्थी निघाला म्हणून तंतू निरुपद्रवी ठरत नाही.

या वादात हेरगिरीचंही एक प्रकरण घडलं; ते मला आधी सिनेमातलं वाटलं होतं. रॉबर्ट मूर नावाचा, टीव्हीसाठी कार्यक्रम करणारा एक ब्रिटिश माणूस २०१२ पासून ॲस्बेस्टॉसविरोधी चळवळीत मिसळला. मला या विषयावर माहितीपट करायचाय, म्हणाला. ॲस्बेस्टॉस थांबवण्यासाठी एक संस्थाही काढली. परिषदांना जायचा, ईमेल मिळवायचा, कोण कुणाला भेटतंय हे कळवायचा. चार वर्षं. तो लंडनमधल्या के-टू इंटेलिजन्स या खासगी हेर कंपनीसाठी काम करत होता आणि त्याबद्दल त्याला चार लाख पौंडांहून जास्त रक्कम मिळाली. ज्यांच्यावर पाळत होती त्यांत लंडनच्या कार्यकर्त्या लॉरी कझान-ॲलन होत्या आणि कृष्णेंदु मुखर्जी हे वकीलही होते, जे भारतातल्या ॲस्बेस्टॉसग्रस्तांसाठी काम करत. २०१६ मध्ये हे उघडकीला आलं. २०१८ मध्ये कंपनीनं भरघोस भरपाई देऊन खटला मिटवला. पैसा कझाकस्तानच्या ॲस्बेस्टॉस उद्योगाशी जोडलेल्या हितसंबंधांकडून येत होता, हे कोर्टातल्या कागदपत्रांवरून दिसलं. ज्या मालात काही धोकाच नाही, त्याच्यासाठी इतका खटाटोप!

उद्योगाचा एक मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. सिमेंटचा पत्रा गरिबाचं छप्पर आहे. लोखंडी पत्र्याखाली मे महिन्यात मराठवाड्यात दुपारी बसून बघा, आणि पाऊस लागला की शेजारच्याशी बोलून बघा. कौलं महाग, ती बसवणारे कारागीर कमी, माकडांचा त्रास वेगळा. बंदी आली तर पहिला फटका कुडाच्या भिंतीतून विटांच्या घरात निघालेल्या माणसाला बसेल, असं म्हटलं जातं आणि ते अगदीच खोटं नाही. पण ॲस्बेस्टॉसशिवायचे तंतू, पॉलिप्रॉपिलीनचे, पीव्हीएचे, लाकडाच्या लगद्याचे, वापरून सिमेंटचे पत्रे आणि बोर्ड जगभर होतात. आपल्याकडच्या पत्र्याच्या मोठ्या कंपन्यांपैकी काही स्वतःच ॲस्बेस्टॉसमुक्त बोर्ड बनवतात आणि त्यांच्या माहितीपत्रकात 'ॲस्बेस्टॉसमुक्त' ही जाहिरातीची ओळ असते. ऑफिसच्या फॉल्स सीलिंगला एक माल, गोठ्याला दुसरा. फरक किमतीचा आहे, आणि तो किती हे कर आणि अनुदान ठरवतात. तेव्हा गरिबाचं नाव घेणाऱ्यांनी कर कमी करायला सांगावं, तंतू चालू ठेवायला का सांगावं?

आपला कायदा तर या बाबतीत गमतीदार आहे. फ्रान्सची क्लेमान्सो ही विमानवाहू नौका ॲस्बेस्टॉससकट अलंगला भंगारात यायला निघाली होती, तेव्हा देशभर गदारोळ झाला, सर्वोच्च न्यायालयानं लक्ष घातलं आणि फेब्रुवारी २००६ मध्ये अध्यक्ष शिराक यांनी ती परत बोलावली. परदेशाचा विषारी कचरा आमच्या माथी नको, हे बरोबरच. त्याच वर्षी ऑक्टोबरात भारतानं जिनिव्हात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची नोंद अडवली. आजही घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार ॲस्बेस्टॉसची टाकाऊ धूळ आणि तंतू आयात करायला मनाई आहे. कोरा तंतू गोण्या भरभरून येतो. देशात १९८६ पासून नव्या खाणींना परवाने देणं थांबलं, कारण खाणकाम आरोग्याला घातक ठरलं. म्हणजे खणायचं नाही, टाकाऊ घ्यायचं नाही, नवं विकत घ्यायचं.

गावकऱ्यांना हे लवकर कळतं. बिहारच्या मुझफ्फरपूर जिल्ह्यात चैनपूर-बिशुनपूरच्या शेतकऱ्यांनी २०१० च्या सुमारास नियोजित ॲस्बेस्टॉस कारखान्याला विरोध केला, लाठ्या खाल्ल्या, गुन्हे अंगावर घेतले आणि शेवटी कारखाना होऊ दिला नाही. त्यांनी कुठल्या अभ्यासाची वाट पाहिली नव्हती.

रॉटरडॅम करारातली एकमताची अट सैल करावी, असा प्रस्ताव २०२३ मध्ये आला, तो पडला. २०२५ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची नोंद पुन्हा एकदा अडली. पन्नासहून जास्त देशांनी बंदी घातली आहे आणि यादी जिथे होती तिथे आहे.

१९९५ च्या त्या निकालातलं एक कलम मात्र कुठल्याही नव्या करारावाचून आज लागू आहे. ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं, किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवायची आहे. निकालाच्या वर्षी विसाव्या वर्षी कामाला लागलेला मुलगा आज पन्नाशीत आहे आणि त्याची वही २०३५ पर्यंत कुठल्या तरी कपाटात असायलाच हवी. कारखाना विकला गेला असेल, नाव बदललं असेल, जागेवर सोसायटी झाली असेल, तरी हे बंधन सुटावं असं त्या निकालात कुठे म्हटलेलं नाही. त्या वह्या मागवून, त्यातले पत्ते शोधून, माणसं तपासायची ठरवली तर त्यासाठी जिनिव्हात कुणाचं एकमत लागत नाही.